नागपूरला पाठवलेल्या काचा

सौंसरमध्ये कुठल्याही गोष्टीवर शिक्का नागपूरचा लागतो. राज्य मध्यप्रदेश, जिल्हा आता पांढुर्णा, पण लग्नाचा शालू नागपूरचा, चष्मा नागपूरचा, आणि दाढ काढायची असली तरी माणूस सावनेरमार्गे बस पकडतो. दवाखान्यात तर विचारूच नका. माझ्यासमोर हात पुढे करून बसलेला माणूस सुई टोचायच्या आधी विचारणार, "नागपूरले पाठवून राहिले नं बाई?" मी हो म्हटलं की मगच तो मूठ आवळणार.

मी इथल्या एका खाजगी दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. रक्त काढायचं, मशीनला लावायचं, काचेच्या पट्टीवर थेंब पसरवून रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. जे दिसलं ते कागदावर लिहून त्याचा फोटो नागपूरच्या पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांना मोबाइलवर पाठवायचा. काचा प्लास्टिकच्या डब्यात भरायच्या, डब्याला चिकटपट्टी लावायची, आणि पट्टी कोणी काढली तर कळावं म्हणून तिच्यावर पेनाची आडवी रेघ मारायची. मग डबा दुपारच्या नागपूर बसच्या कंडक्टरकडे द्यायचा. संध्याकाळी डॉक्टरांच्या सहीचा रिपोर्ट येई. मी रुजू झाले त्याच्या आधीपासून हे असंच चाललेलं होतं.

कंडक्टर जुना आहे. डबा हातात घेताना विचारतो, "काय बाई, आज कोणाकोणाचं रक्त चाललं नागपूरले?"

"फोडू नको, नाहीतर तुझं काढून पाठवावं लागन."

"माझ्यात कुठं हाय आता? घरच्यांनीच पिलं सारं."

ही नोकरी मला मिळाली नाही, अंगावर पडली. माहेर माझं पांढुर्ण्याचं. लॅबचा डिप्लोमा केला तो पोरीने घरी रिकामं बसू नये म्हणून, आणि लग्नानंतर मुलं शाळेत जाऊ लागेपर्यंत त्याचं प्रमाणपत्र कपाटातच होतं. मग आमच्या दवाखान्याचा टेक्निशियन एक दिवस न सांगता इंदूरला निघून गेला. दवाखान्याच्या डॉक्टरांची बायको आणि मी एकाच भाजीवालीपाशी उभ्या होतो. त्या म्हणाल्या, "तुमाले येते नं ते रक्ताचं? दुसरा माणूस भेटेपर्यंत बसा." दुसरा माणूस भेटला नाही. मी मात्र इतकी वर्षं त्याच्याच स्टुलावर बसल्यासारखी बसले. दारात कोणी अनोळखी माणूस फाईल घेऊन उभा राहिला की पहिला विचार हाच येई, आला वाटतं.

लोक मला मॅडम म्हणतात, काही म्हातारे तर डॉक्टरीण म्हणतात. आधी मी दुरुस्ती करायची, मग सोडून दिली. पण आतून वाटायचं ते वाटायचंच. एकेक काच मी दोनदा, तीनदा बघत असे. दवाखान्यात त्याला माझा नीटनेटकेपणा म्हणत. ती भीती होती. आपल्याला दिसतंय ते खरंच तसं आहे का, की शिकलेल्या माणसाला दुसरंच काही दिसलं असतं, हा प्रश्न प्रत्येक काचेला. त्यावर उपाय एकच होता, नागपूर. माझं चुकलं तर तिथले डॉक्टर, आमचे सर, बघून घेतील. ते माझं लिहिलेलं क्वचितच बदलत, पण रिपोर्टच्या शेवटी इंग्रजीत एक वाक्य असे: रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे, गरज वाटल्यास पुढील तपासणी करावी. ते वाक्य मी दरवेळी आदराने वाचत असे. मला वाटे, हे आहे ज्ञान. आपण फक्त पेशी मोजतो, सर माणसाचा विचार करतात.

पाऊस उघडून कापूस फुटायला लागला की आमच्याकडे डेंगीचे दिवस येतात. बाकावर जागा नसते. अशाच एका सकाळी जवळच्या रामाकोना गावची एक सून आली, सोबत सासू. कपाशी आणि संत्र्याची शेती असलेलं घर. पोरगी बी.एड. करत होती. ताप होता आणि ती बसल्या जागी भिंतीला टेकत होती.

"पायरी चढली की बसते," सासू म्हणाली. "मी म्हटलं अभ्यासाचं सोंग असन."

"सोंग नाही, आई."

"मी आता म्हणून राहिली का सोंग हाय? म्हटलं होतं. आता नाही म्हणत."

"बाकावर बसून भांडा," मी म्हटलं, "हात इकडे करा."

मी दंडाला रबरी पट्टा बांधला, रक्त काढलं, पट्टा सोडला. जिथे तो होता त्याच्याखाली बारीक लाल ठिपके उमटले. डेंगीतही उमटतात. पोरगी हसून म्हणाली, "काकू, जास्त घेतलं तुम्ही," तेव्हा तिच्या हिरड्या दिसल्या. सुजलेल्या होत्या.

मशीनने प्लेटलेट कमी दाखवल्या. त्या दिवशी बाकावरच्या निम्म्या लोकांच्या कमी होत्या. पण डेंगीत पांढऱ्या पेशी सहसा खाली जातात, हिच्या वर गेल्या होत्या. मी काच रंगवली, लावली, आणि पहिल्याच नजरेत मला त्या पेशी आवडल्या नाहीत. मोठ्या होत्या. पेशीच्या मधला गडद भाग इतका फुगलेला की बाजूला जागाच उरलेली नव्हती. डेंगीच्या तापातही पांढऱ्या पेशी अशा वेड्यावाकड्या होतात, हे मला माहीत होतं. ह्या त्या नव्हत्या. किंवा असतील. मी काच काढली, भिंग पुसलं, काच परत लावली.

मग कागद घेतला. पहिल्यांदा जे दिसलं ते लिहिलं आणि फाडलं. दुसऱ्यांदा पुढे प्रश्नचिन्ह टाकलं आणि तेही फाडलं. ज्या आजाराचं नाव मी लिहीत होते ते लिहायला मी कोण? भाजीवालीपाशी सापडलेली बाई. आमच्या डॉक्टरांना जाऊन सांगितलं तर ते पुढच्या पेशंटचं पोट दाबत म्हणाले, "डेंगीच असेल. बघू, नागपूरचं येऊ द्या."

मी त्या दिवशी तो डबा कंडक्टरला दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सुट्टी टाकली, काच रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि स्वतःच बसमध्ये बसले. लोधीखेडा गेलं, सावनेर गेलं, मी मनात वाक्यं जुळवत होते, म्हणजे सरांना फार मूर्ख वाटू नये. खरं सांगायचं तर त्यांनी हसावं अशीच माझी इच्छा होती. त्यांनी हसावं, बाई, घरी जा म्हणावं, आणि पोरीला डेंगी असावा.

त्यांच्या लॅबमध्ये मी नोकरीच्या सुरुवातीला एकदाच गेले होते. आता कॉम्प्युटरवर एक बाई बसलेली होती, तिशी-पस्तिशीची. रिपोर्टसाठी फोनवर तिच्याशीच बोलणं व्हायचं. मी नाव-गाव सांगितलं तर खुर्ची मागे सारून उठलीच.

"सौंसरवाल्या ताई? अरे बाप्पा, मला वाटे तुम्ही म्हाताऱ्या असान."

"आहेच."

"बसा. सर येतच असतील. चाय बोलवू?"

मी बसले आणि समोरच्या लोखंडी मांडणीकडे बघत राहिले. एकेका कप्प्यावर गावाचं नाव चिकटवलेलं. काटोल, सावनेर, नरखेड. तिथले डबे उघडे, रिकामे, काचा बाजूच्या ट्रेमध्ये ओळीने लावलेल्या. सर्वांत खालच्या कप्प्यात माझे डबे होते. एकावर एक, दोन रांगा करून. मी उठून जवळ गेले. सगळ्यांवर माझी चिकटपट्टी होती, आणि पट्टीवर माझ्या पेनाची रेघ. सरळ, न तुटलेली.

"हे डबे?"

"तुमचेच. परत न्या बरं ताई. जागा अडवून राहिले. जुने तर मी गच्चीवर टाकले."

"हे उघडलेलेच नाहीत."

"तुमचे कुठं उघडतो आम्ही," ती टाईप करता करता म्हणाली. "फोटो येते ना तुमच्या कागदाचा. तोच टाईप करते मी. मग खाली ते इंग्रजीचं टाकते आणि सरांची सही लावते."

"कोणतं इंग्रजीचं?"

"ते पुढची तपासणी करा वगैरे. भरूनच ठेवलेलं आहे ह्याच्यात. एक बटन दाबलं की येते." तिने दाबून दाखवलंही.

मी परत खुर्चीवर बसले. चहा आला होता, तो हातात धरला, पण प्यायचा असतो हे सुचलं नाही. डोक्यात माणसं यायला लागली. शेजारच्या गुरुजींचं ऑपरेशन त्या रिपोर्टवर झालं होतं. माझ्या जावेच्या भावाला त्या रिपोर्टवर घरी पाठवलं होतं. लहान पोरं, बाळंतिणी. प्रत्येकाला मी तोंडाने सांगितलं होतं, नागपूरचं आलं, काळजी करू नका. नागपूरचं काही आलंच नव्हतं. सौंसरहून गेलेलं माझंच लिहिणं सही लावून सौंसरला परत येत होतं. मी जाळी लावलेली समजून इतकी वर्षं उंचावर चालत होते आणि खाली जाळी नव्हतीच. ती बाई विचारत होती, "साखर कमी आहे का?"

सर आले. वय झालेले, हातात जेवणाचा डबा, चप्पल दाराशी काढून आत आले. मला ओळखायला त्यांना क्षणभर वेळ लागला. मी नमस्कार वगैरे केला नाही.

"सर, माझे डबे उघडत नाही म्हणे."

"नाही उघडत." ते बेसिनपाशी हात धूत होते.

"केव्हापासून?"

"बरीच वर्षं झाली. आधी सगळे बघत होतो. मग अधूनमधून. मग म्हटलं, कशाला?"

"कशाला म्हणजे?"

"काही चूक निघत नव्हती त्यातून. काटोलवाल्याचं दर आठवड्याला काहीतरी निघते. तो बिनधास्त माणूस आहे, पाहते न पाहते आणि लिहून मोकळा. त्याचं बघावंच लागते. तुम्ही एकेक काच तीनदा पाहता, तुमच्या डॉक्टरांनीच सांगितलं."

"मी भीतीने पाहते, सर."

"कशानेही पाहा."

"मला सांगायला पाहिजे होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही काम सोडून दिलं असतं."

हे खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. "सही तुमची असते त्यावर," मी म्हटलं.

ते टॉवेलने एकेक बोट पुसत राहिले. "असते. ते माझं चुकते," म्हणाले. कॉम्प्युटरवाल्या बाईने टाईप करणं थांबवलं होतं.

मी पर्समधून रुमाल काढला आणि काच त्यांच्यापुढे ठेवली. "ही मात्र बघा. आत्ता. माझ्यासमोर."

त्यांनी बघितली. सावकाश, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग परत पहिल्यापासून. मी हसण्याची वाट बघत होते. त्यांनी डोकं वर काढलं आणि म्हणाले, "मला नाही सांगता येत."

मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकलं. आधीच्या धक्क्याहून हा धक्का मोठा होता. डबे न उघडणं हा आळस झाला, आळस मला समजतो. पण हा माणूस काचेकडे बघून, पूर्ण बघून, मला सांगता येत नाही म्हणत होता, आणि तेही चहात साखर कमी आहे म्हणावं तशा आवाजात. आवाज खाली नाही, नजर चोरलेली नाही. हे वाक्य मी कामावर एकदाही उच्चारलेलं नव्हतं. मला न कळलेलं काही असलं की मी ते झाकत फिरायचे. ज्यांना येतं त्यांना सगळंच येतं, अशी माझी पक्की समजूत होती.

"डेंगीत अशा दिसू शकतात," ते पुढे म्हणाले. "नाहीच म्हणवत नाही, हेच आहे असंही म्हणवत नाही. तुम्हाला काय वाटते?"

"ब्लास्ट वाटतात," मी म्हटलं. ब्लास्ट म्हणजे हाडाच्या मगजातून कच्च्याच बाहेर पडलेल्या पेशी. रक्ताच्या कॅन्सरमध्ये दिसतात. तो शब्द मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले.

"काहून वाटते?"

मी सांगितलं. पांढऱ्या पेशी वर गेलेल्या. पट्ट्याखालचे ठिपके. हिरड्या. पायरीवर बसणं. बोलता बोलता मला कळलं की माझ्याकडे सांगायला बरंच आहे.

"मी पोरगी पाहिली नाही, तुम्ही पाहिली," ते म्हणाले. "आजच्या आज तिला मोठ्या दवाखान्यात आणा. हाडाचा मगज तपासल्याशिवाय कोणालाच कळणार नाही. मी तिथे चिठ्ठी देतो."

"घरच्यांना कोण सांगणार?"

"तुम्ही. मी सांगून काय सांगू? मला सांगता येत नाही हे?"

मी जिन्यात येऊन रामाकोन्याला फोन लावला. सासूने उचलला.

"नागपूरचं आलं का बाई?"

"मी नागपूरलाच आहे, ताई. सुनेले आजच इकडे घेऊन या. कपडे घेऊन या दोन-चार दिवसांचे."

"डॉक्टर काय म्हणते?"

"डॉक्टर म्हणतात सांगता येत नाही. मी सांगून राहिली, थांबू नका."

मी म्हणणार होते, माझं चुकूही शकते. ते तोंडाशी आलं होतं. ते म्हटलं तर ती उद्यावर टाकेल, उद्या परवावर जाईल. मी तोंड मिटून उभी राहिले.

"तुम्ही सांगून राहिल्या?" तिने विचारलं.

"हो."

"मंग बस कोणती पकडू?"

तिचा माझ्यावर विश्वास होता असं मी म्हणणार नाही. तिने पोरीला पायरीवर बसलेलं पाहिलं होतं, एवढंच. पण तिने दुसरा प्रश्न विचारला नाही.

डब्यांचं काय झालं ते इथेच सांगून टाकते. खालच्या कप्प्यातले सगळे डबे मी कापडी पिशवीत भरून घेऊन आले आणि दवाखान्याच्या वेळेनंतर एकेक काच परत बघितली. गच्चीवरचे उन्हापावसात गेले होते, त्यांचं काही करता आलं नाही. काही ठिकाणी माझंच जुनं वाचन मला पटलं नाही. त्या लोकांना फोन करून बोलावलं आणि परत रक्त काढलं. बहुतेकांनी शिव्या दिल्या. आमच्या डॉक्टरांना सांगितलं, ज्याने काच बघितली नाही त्याची सही माझ्या रिपोर्टवर नको. ते म्हणाले, लोक येणार नाहीत. काही दिवस खरंच कमी आले. आता सर डबे उघडतात, आणि मला कधीकधी फोन करून भांडतात. त्या भांडणांत मी प्रत्येक वेळी हरत नाही.

पोरीच्या मगजाचा रिपोर्ट यायला मध्ये काही दिवस गेले. मी काम संपवून बसने जायची, वॉर्डात तासभर बसून परत यायची. जन्मभर मला एकच भीती होती, आपलं चूक निघेल. त्या दिवसांत बसमध्ये मी तेच मागत होते. सगळ्यांसमोर चूक निघू दे, त्या वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरांना हसू दे, सौंसरभर बोभाटा होऊ दे. चूक निघाली नाही. तरुण डॉक्टरने कॉरिडॉरमध्ये हिंदीत सांगितलं, ब्लड कॅन्सरच आहे. सासूने पदर तोंडात धरला आणि खाली जमिनीवरच बसली. मी बरोबर होते, आणि त्याचा काडीचाही उपयोग मला त्या क्षणी दिसत नव्हता.

पोरीला कोणीतरी सांगायला हवं होतं. तिचा नवरा बाहेर मोबाइलकडे नुसता बघत उभा होता. मी आत गेले. तिने माझ्या तोंडावरूनच ओळखलं.

"तेच का?"

"तेच."

"पुन्हा पाहतील नं? चुकलं असन काही."

"नाही चुकलं."

"मंग मले तवाच काहून नाही सांगितलं? आईलेच काहून फोन केला?" तिला राग आला होता, तापाने ओठ फुटले होते.

"तेव्हा नक्की नव्हतं."

"आता हाय?"

"आता आहे."

तिने उशीखालून मोबाइल काढून माझ्या हातात दिला. "कॉलेजात फोन करा, काकू. पुढच्या आठवड्यात शाळेत माझा सराव पाठ आहे, तो नाही होणार. मी बोलली तं रडन. तुम्ही सांगा."

मी नंबर लावला. पलीकडून एका मॅडमने विचारलं, कोण बोलतंय, तुम्ही तिच्या कोण?

"मी सौंसरच्या लॅबमधून बोलते," मी म्हटलं. "तिचं रक्त मी तपासलं."